मुलांच्या मनाचा विषय महापालिकेच्या टेबलावर कसा न्यायचा: सोलापुरातल्या पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

सातवीतला एक मुलगा पहिल्याच तासाला बाकावर डोकं टेकून झोपायचा. बाईंनी दोनदा उठवलं, तिसऱ्यांदा आईला बोलावणं धाडलं. आई आली ती कारखान्यात बिड्या देऊन, रिकामं सूप काखेत धरूनच. मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य होते, म्हणून त्या बैठकीला बसले होते. "अभ्यासाचा कंटाळा आहे त्याला," असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. मुलाला कुणी काही विचारलंच नव्हतं. रात्री किती वाजता झोपतोस, एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, "झोपतोय की लवकर. पण पाणी येतंय अडीचला. भरून झालं की मग झोपच लागत नाय ओ."

वडील मागावर रात्रपाळीला. आई दिवसभर पानं कापून, बिड्या वळून थकलेली. खाली दोन लहान बहिणी. मोटर लावायची, पाइप धरायचा, दोन बॅरल आणि घरातल्या सगळ्या घागरी भरायच्या, हे काम बारा वर्षांच्या पोराकडे. आपल्या शहरात पाणी काही दिवसांआड येतं आणि कुठल्या तरी वस्तीची पाळी रात्रीची असतेच. ते मूल चिडकं झालं होतं, वर्गात कुणाशी बोलत नव्हतं. त्याच्याशी कुणीतरी शांतपणे बोलायची गरज होतीच. पण सगळ्यात आधी त्याला झोप हवी होती आणि ती पाणी सोडण्याच्या वेळापत्रकात अडकली होती.

तेव्हापासून मी मुलांच्या मनाचा विषय निघाला की आधी पाण्याची वेळ, रस्त्यावरचे दिवे, मैदान, शाळेतली स्वच्छतागृहं आणि दवाखाना विचारते. या सगळ्यांवर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा हात असतो. समुपदेशक, डॉक्टर, हेल्पलाइन हे सगळं लागतंच, त्याबद्दलही पुढे लिहिलंय. हे काम स्थानिक संस्थेकडून करून कसं घ्यायचं, ते माझ्या अनुभवातून आणि कागदांच्या अभ्यासातून सांगते.

आधी टेबल ओळखा

आपल्याकडे निम्मी निवेदनं चुकीच्या कार्यालयात जातात आणि तिथेच पडून राहतात. म्हणून पहिली पायरी अर्ज लिहिण्याची नाही. कोणतं काम कुणाकडे आहे, हे आधी पक्कं करा.

शहरातल्या मनपा शाळा, मनपाचे दवाखाने आणि नागरी आरोग्य केंद्रं, बागा, मैदानं, अभ्यासिका, पाणी, दिवे, कचरा ही कामं महापालिकेची. शहरातल्याच माध्यमिक शाळांवर देखरेख मात्र जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची. शहरातल्या अंगणवाड्या महापालिकेच्या आहेत असं बहुतेकांना वाटतं, पण त्या राज्याच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली चालतात. गावातल्या अंगणवाड्या जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाकडे. आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि ते राज्य सरकारचं. तिथल्या गैरसोयीबद्दल महापौरांना पत्र देऊन काही होत नाही.

हद्दीचाही घोळ असतो. कुंभारीच्या रे नगरात बिडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी 30,000 घरांची वसाहत उभी राहिली. त्यातल्या पहिल्या 15,000 घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. पूर्व भागातून तिकडे राहायला गेलेलं कुटुंब आता दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. मुलाची जुनी शाळा, जुने मित्र शहरात, आणि नवं कार्यालय वेगळंच. अशा कुटुंबाने अर्ज लिहिण्याआधी आपलं घर कुठल्या संस्थेच्या हद्दीत येतं, हे घरपट्टीच्या पावतीवर पाहून घ्यावं.

"हे आमचं काम नाही" असं कुणी म्हणालं तर सांगायला आधार आहे. 74व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांची 18 कामं दिली आहेत. त्यात सार्वजनिक आरोग्य, दुर्बल घटकांचं हितरक्षण, बागा आणि क्रीडांगणं येतात. गावांसाठी अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत आणि त्यात शिक्षण, आरोग्य, महिला व बालविकास आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 चं कलम 18 तर प्रत्येक व्यक्तीला सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क देतं. वयाची अट नाही, म्हणजे मूलही त्यात आलं.

महिनाभर नुसतं ऐका आणि लिहा

निवेदनात "मुलांवर ताण वाढला आहे" असं लिहिलं की साहेब मान डोलावतात आणि कागद फाइलला लागतो. "आमच्या शाळेतली इतकी मुलं आठवड्यातून दोन दिवस पहिल्या तासाला झोपतात, कारण पाणी रात्री अडीचला येतं" असं लिहिलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं. त्यासाठी नोंदी लागतात.

एक दोनशे पानी वही घ्या. शाळा व्यवस्थापन समितीतले दोन पालक, एक शिक्षिका, वस्तीतल्या आशाताई आणि जमल्यास अंगणवाडीताई एवढी माणसं पुरतात. महिनाभर गैरहजेरीची कारणं, झोपेच्या वेळा, शाळेच्या वाटेवर भीती वाटणारी ठिकाणं, संध्याकाळी खेळायला मिळतं का, एवढंच लिहायचं. मुलांची नावं वहीत लिहायची नाहीत. इयत्ता आणि मुलगा की मुलगी, बस्स. ही वही उद्या कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही आणि एखाद्या पोरीचं घरचं दुःख गल्लीभर झालं तर ती पुन्हा कुणाशीच बोलणार नाही.

मुलांना प्रश्नावली देऊ नका. आम्ही दिली होती. सगळ्यांनी शेजारच्याचं बघून लिहिलं. मग आम्ही पटांगणात खडूने वस्तीचा नकाशा काढायला लावला. घर, शाळा, किराणा दुकान, नळ, देऊळ, मशीद, मैदान. त्यावर आवडत्या जागी फूल आणि नको वाटणाऱ्या जागी फुली मारायची. पाचवीच्या मुलींनी एकाच बोळावर सात फुल्या मारल्या. दिवा बंद होता आणि कोपऱ्यावर संध्याकाळी पिणाऱ्यांचा अड्डा बसायचा. त्या मुली क्लासला जाताना लांबचा वळसा घेत होत्या आणि घरी कुणाला पत्ता नव्हता. दिव्याची तक्रार झोन कार्यालयात द्यायला दहा मिनिटं लागली.

हे सगळं मुलांच्या भाषेत करा. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं असतात. मूल शाळेत मराठी बोलतं, पण रडताना आईच्या भाषेत रडतं. ऐकणाऱ्यांत ती भाषा येणारं एक तरी माणूस हवं.

जे आजही उपलब्ध आहे ते घरोघरी पोहोचवा

नवं काही मागण्याआधी हाताशी असलेलं वापरा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416. 10 ऑक्टोबर 2022 पासून ही सेवा देशभर सुरू आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दूतूनही बोलता येतं. मूल स्वतः करू शकतं, पालकही करू शकतात. शिक्षकांनी वर्गातल्या मुलाबद्दल सल्ला विचारला तरी चालतो. दुसरा नंबर 1098. मारहाण, छळ, बालविवाह, बालमजुरी, हरवलेलं मूल यासाठी. विद्यार्थ्यांसाठी शिक्षण मंत्रालयाची 'मनोदर्पण' ही सेवाही आहे, नंबर 8448440632. हे तिन्ही नंबर शाळेच्या भिंतीवर रंगाने लिहून घ्या. फ्लेक्स फाटतो, वाऱ्याने उडतो. स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूलाही एक स्टिकर लावा, कारण तिथे मूल एकटं असतं आणि नंबर नीट वाचतं.

सिव्हिलमध्ये मनोविकार विभागाची बाह्यरुग्ण सेवा आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माहिती जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथकं अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करतात. त्यात वाढीतले आणि विकासातले दोषही पाहायचे असतात. पथक आलं की डोळे-दात बघून पुढे जाऊ देऊ नका. उशिरा बोलणारं, नजरेला नजर न देणारं, सतत अस्वस्थ असणारं मूल त्यांना मुद्दाम दाखवा. 10 ते 19 वयासाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री क्लिनिक' चालतात. पाळी, शरीर, प्रेमप्रकरण, व्यसन यावर मुलं तिथे बोलू शकतात.

एक योजना मानसिक आरोग्याच्या यादीत कधीच दिसत नाही, पण मी ती आवर्जून सांगते. आई किंवा वडील गेलेल्या, एकाच पालकावर असलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. महिन्याला 2,250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. बाप गेल्यावर फी, भाडं आणि किराणा यांच्या हिशेबात आई रात्रभर जागते, ते शेजारी झोपलेल्या मुलाला कळत असतं.

शाळेत काय मागायचं

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या सदस्य महिला असायला हव्यात. विनाअनुदानित खासगी शाळांना ही अट नाही. बाकी सगळीकडे आहे. समितीच्या इतिवृत्तात तुमचा विषय आला की तो अधिकृत झाला. तोंडी चर्चा कितीही चांगली झाली तरी इतिवृत्तात नसेल तर ती झालीच नाही असं धरा.

पहिल्या बैठकीत तीन गोष्टी विचारा. आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेत दोन शिक्षक 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षित करायचे आहेत आणि त्यांच्या 11 विषयांत भावनिक स्वास्थ्य हा एक विषय आहे. आपल्या शाळेतले ते दोघं कोण? तक्रारपेटी कुठे आहे, ती कोण उघडतं आणि शेवटची कधी उघडली? मुला-मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावरच आहे की बैठका होतात? पहिल्याच वेळी सगळ्याचं उत्तर मिळणार नाही. मुख्याध्यापकांना कोंडीत पकडू नका. त्यांच्या डोक्यावर आधीच पोषण आहार, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं आणि कमी शिक्षक आहेत. पुढच्या बैठकीची तारीख घ्या आणि उठा.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल 15 मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा, आणि लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी तशी जोडणी करून ठेवावी, असं त्यात आहे. देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समितीही सांगितली आहे. मनपा शाळेसाठी समुपदेशक मागताना हा आदेश पहिल्या ओळीत लिहा.

शिक्षकांसाठी माझं मागणं साधं आहे. मुलाचं खाणं, झोपणं, बोलणं, हजेरी यात दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा बदल दिसला तर त्याला बाजूला घेऊन, बाकीची मुलं नसताना, पाच मिनिटं बोला. "काय झालं?" असं थेट विचारलं तर "काही नाही" हेच उत्तर येतं. "हल्ली डबा परत नेतोस, मला दिसतंय" असं म्हटलं की पोरगं बोलायला लागतं. हातावर कापल्याच्या खुणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, "मी नसले तर बरं होईल" असली वाक्यं दिसली-ऐकली तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी घरी बोलायचं. अन् हे सगळं स्टाफरूममध्ये चहाबरोबर चघळायचं नाही. मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा हक्क आहे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर मात्र पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे "घरचं घरात मिटवू" चालत नाही.

समिती कागदावरून खाली आणा

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष. शहरात प्रभाग पातळीवर अशीच समिती असायला हवी आणि तिचं अध्यक्षपद नगरसेवकाकडे. बहुतेक ठिकाणी नावांची यादी असते, बैठक नसते. समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे लेखी विचारलं की पुढची बैठक लागते असा माझा अनुभव आहे.

इथे एक गफलत नेहमी होते. महापालिकेची महिला व बालकल्याण समिती वेगळी आणि बाल न्याय अधिनियम 2015 खालची बालकल्याण समिती वेगळी. पहिली पैसे आणि योजना ठरवते. दुसरीला अनाथ, पीडित, सोडून दिलेल्या मुलांबाबत न्यायपीठासारखे अधिकार आहेत. मूल संकटात असेल तर दुसरीकडे जायचं, 1098 किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत.

गावांबद्दल थोडं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके की दिवाळीपासून मार्चपर्यंत फडांवर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात आणि आपल्या काही तालुक्यांतली माणसंही तोडीला बाहेर जातात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. टोळी उतरली की आठवड्यात ग्रामपंचायतीने मुलांची मोजणी करावी आणि शाळेला यादी द्यावी. मागे राहिलेली मुलं आजी-आजोबांकडे असतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण तिचा प्रस्ताव पावसाळा संपायच्या आत शाळेकडून जायला हवा. आईबाप सहा महिने फोनवरच भेटतात. रविवारी संध्याकाळी शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावून देणं, याला फारसा खर्च नाही.

ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या नऊ संकल्पनांत 'बालस्नेही गाव' ही एक संकल्पना आहे. ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी बालसभा घ्या आणि मुलांनीच मागण्या वाचून दाखवू द्या.

पैसा कुठे आहे आणि तो कधी मागायचा

पैसा आहे, त्याची दारं वेगवेगळी आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, जिल्हा परिषदेनेही 10 टक्के. महापालिकेसाठी हे प्रमाण 5 टक्के. याशिवाय 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकार आहेत आणि त्यात स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार हे सगळे येतात. ज्या घरात स्वमग्न मूल आहे त्यांना हा निधी आपल्यासाठीही आहे हे माहीतच नसतं, कारण त्यातून नेहमी तीनचाकी सायकली वाटल्याचे फोटो येतात.

गावाचं उत्पन्न 8 लाख असेल तर 10 टक्के म्हणजे 80,000 रुपये. हा आकडा घेऊन ग्रामसभेत उभं राहा: गेल्या वर्षी हे 80,000 कशावर गेले? शिलाई मशीन आणि हळदीकुंकू असं उत्तर आलं तर भांडू नका. "यंदा यातले इतके शाळेतल्या समुपदेशनाला द्या" असा ठराव मांडा, सूचक-अनुमोदकाची नावं आधीच ठरवून जा.

महापालिकेचं गणित वेळेचं आहे. अंदाजपत्रक नव्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत आकार घेतं आणि मार्चअखेर मंजूर व्हायचं असतं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते तोवर खात्यांनी आपापले आकडे वर पाठवलेले असतात. म्हणून तुमचं निवेदन दिवाळी झाली की नोव्हेंबरात द्या. मार्चमध्ये दिलेल्या पत्राला पुढच्या वर्षी बघू असं उत्तर मिळतं, आणि तेव्हा त्यांचीही चूक नसते.

काय मागायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे. एक दिवसाचं व्याख्यान मागू नका. मंडप, शाल-श्रीफळ, फोटो यात पैसा जातो आणि दुसऱ्या दिवशी मूल जिथल्या तिथे असतं. ठरलेल्या वारी येणारं माणूस मागा. सहा शाळांत मिळून एक समुपदेशक, प्रत्येक शाळेला आठवड्यातला एक पक्का दिवस, बसायला दार लागेल अशी खोली. "दर बुधवारी ताई येतात" हे मुलांना माहीत झालं की तिसऱ्या-चौथ्या बुधवारी कुणीतरी दाराशी घुटमळतं. वार बदलत राहिला तर हे होत नाही. आमच्याकडे पहिल्या महिन्यात फक्त एक मुलगी आली, तीसुद्धा पाणी प्यायचं निमित्त करून. चौथ्या महिन्यात ताईंना मधली सुट्टी पुरेना.

पत्राचा मसुदा देते, तुमच्या आकड्यांनी भरा:

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका, सोलापूर.

विषय: प्रभाग क्र. … मधील मनपा शाळांत समुपदेशन सेवेसाठी आगामी अंदाजपत्रकात तरतूद करणेबाबत.

महोदय/महोदया,
आमच्या प्रभागातील … मनपा शाळांत एकूण … विद्यार्थी शिकतात. दि. … ते … या काळात शाळा व्यवस्थापन समित्यांनी ठेवलेल्या नोंदींचा गोषवारा (मुलांच्या नावांशिवाय) सोबत जोडला आहे. महिला व बालकल्याणासाठी राखीव निधीतून पुढील तरतूद व्हावी, ही विनंती: (अ) … शाळांसाठी एक प्रशिक्षित समुपदेशक, प्रत्येक शाळेत आठवड्यातून एक निश्चित दिवस; (ब) मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू यांपैकी आवश्यक भाषा येणाऱ्या उमेदवारास प्राधान्य; (क) नजीकच्या नागरी आरोग्य केंद्रातून शासकीय रुग्णालयात मूल पाठवण्यासाठी संदर्भ चिठ्ठीची पद्धत; (ड) या कामासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष.
सोबत: समितीच्या ठरावाची प्रत, नोंदींचा गोषवारा, सर्वोच्च न्यायालयाच्या 25 जुलै 2025 च्या निर्णयाची प्रत.

स्वतंत्र लेखाशीर्षाचा, म्हणजे अंदाजपत्रकातल्या वेगळ्या नोंदीचा, आग्रह सोडू नका. 'इतर उपक्रम' या शीर्षाखाली गेलेला पैसा वर्षाच्या शेवटी कशावर तरी खर्च होतो. तुमच्याकडे जास्त आकडे नसतील तर एक पुरेसा आहे: 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या सुमारे 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक आरोग्याचा त्रास आढळला. त्या वयाची 300 मुलं असलेल्या शाळेत ही वीस-बावीस मुलं झाली.

पत्राच्या दोन प्रती न्या, टपाल विभागात द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. एक प्रत नगरसेवकांना, एक महिला व बालकल्याण समितीला.

मैदानासाठी वेगळं पत्र द्या. मनपा शाळेचं पटांगण संध्याकाळी पाच ते सात वस्तीतल्या मुलांना खुलं ठेवा आणि त्यातला काही वेळ फक्त मुलींसाठी राखा, ही मागणी जवळजवळ बिनपैशाची आहे. शिपायाचा जादा वेळ आणि एक दिवा, एवढाच खर्च.

वस्तीत काही विपरीत घडलं तर

दहावी-बारावीचा निकाल लागतो ते दिवस सगळ्यात जपायचे. निकालाआधीच्या आठवड्यात आशाताईंनी आणि शिक्षकांनी काळजी वाटणाऱ्या घरांना एक भेट द्यावी, पुरवणी परीक्षेची तारीख आणि 14416 सांगावा. गावात फवारणीचं औषध कुलपात ठेवायला सांगा आणि किल्ली मुलाला माहीत नसावी. हे एकच काम कित्येक जीव वाचवतं, कारण तो झटक्याचा क्षण टळला की मूल बहुधा पुन्हा बोलायला तयार होतं.

एखाद्या मुलाने स्वतःला इजा केली तर त्याला एकटं सोडू नका, थेट सिव्हिलच्या अपघात विभागात न्या. पोलिसांच्या भीतीने घरीच मीठ-पाणी पाजत बसू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचं कलम 115 सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही.

मूल गेलंच, तर चौकात फोटोचा फ्लेक्स लावू नका. कसं केलं, कुठे केलं, याची चर्चा मुलांसमोर नको, व्हॉट्सअॅपच्या गटातही नको. वर्गमित्रांना दुसऱ्याच दिवशी एकत्र बसवा, रडू द्या, त्याच्या रिकाम्या बाकाबद्दल बोलू द्या. शेजारी बसणारा आणि शेवटचं भांडण झालेला, या दोघांकडे पुढचे काही आठवडे विशेष लक्ष ठेवा. सरपंचांनी किंवा नगरसेवकांनी घरी जावं, पण कॅमेरा बाहेर ठेवून.

पाठपुरावा

पत्र दिल्यावर तीस दिवस वाट पाहा. मग आवक क्रमांक घेऊन खात्यात जाऊन फाइल कुठे आहे ते विचारा. उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी 10 रुपये. प्रश्न तीनच ठेवा: या पत्रावर आजवर काय कार्यवाही झाली, महिला व बालकल्याणाच्या राखीव निधीतून गेल्या आर्थिक वर्षात कशावर किती खर्च झाला, प्रभाग बाल संरक्षण समितीच्या बैठकांची इतिवृत्तं. माहिती 30 दिवसांत द्यायची असते, नाही दिली तर त्याच कार्यालयात पहिलं अपील. अर्जात राग लिहू नका, टिपण वाचणारा कारकूनही बहुधा कुठल्या तरी मुलाचा बाप असतो.

नोंदवहीत आता चार रकाने ठेवा: काय मागितलं, आवक क्रमांक, कुणाशी बोललो, पुढची तारीख. समितीतली माणसं बदलतात, नगरसेवक बदलतात, आयुक्तांची बदली होते. वही पुढच्या माणसाकडे द्या.

आमच्या वहीतली पहिली नोंद पाण्याच्या वेळेची आहे. अकरा आया कनिष्ठ अभियंत्यांना भेटल्या, हजेरीचा कागद दाखवला. रात्रीची पाळी कायम एकाच वस्तीकडे न ठेवता आलटून पालटून लावायचं ठरलं. आता व्हॉल्व्ह सोडणारे काका आदल्या दिवशी वेळ सांगतात आणि कुणीतरी ती नळाशेजारच्या भिंतीवर खडूने लिहितं, मराठीत आणि तेलुगूत. अडीचची पाळी अजूनही येते, पण महिन्यातून कधीतरी, आणि त्या दिवशी बाई त्या सातवीतल्या मुलाला पहिल्या तासाला उठवत नाहीत.